आंबिया बहराची कर्द : नक्षीदार सुरी घडवताना

ऐरण_हिंगणा
नमस्कार मंडळी. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदारांच्या मुलीने वडिलांच्या पंच्याहत्तरीसाठी सुरी घडवायला सांगितली आहे. तिचं म्हणणं, "बाबांनी आयुष्यभर चाकू हातात धरून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरले, म्हणजे कलमं केली. त्यांना शाल-श्रीफळ नको. बघत राहावी आणि वापरावीही, अशी सुरी हवी."

आराखडा जवळजवळ ठरला आहे, पण नक्षीच्या बाबतीत इथल्या जाणत्यांशी बोलल्याशिवाय भट्टी पेटवणार नाही.

आकार कर्दीचा घेतोय. कर्द म्हणजे सरळ पाठीची, एकधारी, आडवी परज, म्हणजे मुठीपुढची आडवी आड, नसलेली सुरी. इराणातून आली आणि मुघल काळात आपल्याकडे रुळली. कट्यार किंवा खंजीर हे भोसकायचे हत्यार. कर्दीचं तसं नाही, ती कापायच्या कामाचीही आहे. शिवाय तिच्या म्यानात पात्याबरोबर मुठीचाही बराच भाग आत जातो, त्यामुळे ती निसटत नाही आणि वेगळा बंद लागत नाही. ज्यांच्या हातात कलम करायचा चाकू असायचा, त्यांना हाच आकार शोभेल.

माप असं: पातं १५ सेंटिमीटर, मुठीजवळ रुंदी २८ मिलिमीटर, पाठ मुठीजवळ ५ मिलिमीटर जाड आणि टोकाकडे उतरत २ वर. पोलाद दोन जातींचं, १०८४ आणि १५एन२०, थर जोडून. मूठ काळ्या लाकडाची. पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर पोलादी बोल्स्टर, म्हणजे सांधा झाकणारा ठोकळा, आणि त्यावर संत्र्याचं फूल.

या कामात एक गोष्ट मी फार मानतो. घणाचा पहिला घाव पडायच्या आधी नक्षीची जागा ठरलेली असली पाहिजे. आधी सुरी करायची आणि मग रिकामी जागा शोधून वेलबुट्टी भरायची, यातून सजवलेली सुरी मिळते, नक्षीदार सुरी मिळत नाही. तर सांगा, सोनं-चांदी कुठे जावी आणि कुठे जाऊ नये?

महालकर
वा भाऊ! विषय काढला तो काढला, आणि तो आपल्या नागपुरात! रघुजी राजे भोसल्यांची तलवार डोळ्यांसमोर आली. २०२५ च्या एप्रिलात लंडनच्या लिलावात निघाली, राज्य सरकारने घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. पातं युरोपात घडलेलं, सरळ, एकधारी, म्हणून तिला फिरंग म्हणायचं. आणि पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरीत सोन्याने लिहिलेलं आहे : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग. सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब.

मला त्या तलवारीत सगळ्यात काय आवडलं सांगू? अक्षरं पाठीवर आहेत. पात्याच्या गालावर मिरवत नाहीत. धरणाऱ्याने तलवार उभी धरली की त्यालाच दिसावीत अशी. तुमच्या काकांचं नाव असंच पाठीवर, सोन्यात येऊ द्या.

सराफा_ओळ
पाठीवर नाव ही कल्पना चांगली आहे. पण कोफ्तगरी करायची की खोल जडाव, ते आधी ठरवा. दोन्हींत लोक गल्लत करतात.

कोफ्तगरीत पोलादाच्या पृष्ठावर बारीक छिन्नीने जवळजवळ रेघा मारतात. एका दिशेने, मग तिरप्या, मग उलट्या तिरप्या. कानशीसारखा खरखरीत पोत येतो. त्यावर चोख सोन्याची किंवा चांदीची तार ठेवायची, हलक्या हातोडीने ठोकत न्यायची, ती त्या दातांत रुतून बसते. शेवटी अकीकाने घोटायचं. उदयपूर-जयपूरकडे अजून हे काम चालतं. पोलाद निळं होईपर्यंत तापवतात, त्याने धातू चांगला धरतो आणि निळ्या जमिनीवर सोनं उठून दिसतं.

खोल जडावात आधी खाच कोरायची, आणि ती तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. तार आत दाबली की तळाशी पसरते, मग निघायचं नाव नाही. वेळ जास्त लागतो, पण हाताळायच्या वस्तूला हेच. रोज बोट फिरेल अशा जागी कोफ्तगरी केली तर कडा झिजतात.

आणि एक. तार चोख चांदीचीच घ्या. ९२५ ची, म्हणजे तांबं वगैरे मिसळलेली, कडक पडते भाऊ, खाचेत नीट पसरत नाही. जंतरातून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ओढून घ्या आणि ठोकायच्या आधी एकदा तापवून मऊ करा.

ऐरण_हिंगणा
@सराफा_ओळ, हेच ऐकायचं होतं. पण तुमच्या "निळं होईपर्यंत तापवतात" या वाक्यातच माझा पेच आहे.

पातं तेलात विझवल्यावर काचेसारखं ठिसूळ असतं. मग २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. तेव्हा पोलादावर गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग चढतो. निळा रंग येतो ३०० अंशांच्या आसपास. म्हणजे पातं निळं केलं तर धार मऊ पडली. तलवारीत मुठीजवळचा भाग तसाही मऊ चालतो. इथे सगळं पातंच १५ सेंटिमीटरचं, उष्णता धारेकडे पळायला वेळ लागत नाही.

बरं, कडक करण्याआधीच चांदी बसवावी तर पातं ८१५ अंशांपर्यंत तापवायचं आहे.

धातुवेडा
मी धातुशास्त्र शिकलोय, म्हणून थोडी भर घालतो. चांदी ९६१ अंशांना वितळते, तेव्हा ८१५ ला ती वितळणार नाही. त्रास वेगळाच आहे. तापल्यावर चांदी पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. खाचेत जागा नाही, म्हणून ती वर फुगते. थंड होताना मात्र पोलादापेक्षा जास्त आकसते आणि खाचेत सैल होते. वर विझवतानाचा झटका आहेच. म्हणून कडक करायच्या भागात आधी जडाव नको.

त्यापेक्षा पातं संपूर्ण कडक करूच नका. फक्त धारेकडचा अर्धा भाग तेलात बुडवा. पाठ हवेत सावकाश थंड होईल आणि मऊ राहील. १०८४ मध्ये कार्बन ०.८४ टक्क्यांच्या आसपास असतो, मिश्रधातू फारसे नसतात, त्यामुळे हा फरक स्वच्छ येतो. कडक धार, चिवट पाठ. आणि मऊ राहिलेली पाठ नंतर, सगळं तापवणं संपल्यावर, थंड अवस्थेतच छिन्नीने कोरता येईल. सोनं खोल जडावाने बसवा. पुन्हा उष्णता द्यायची गरजच नाही.

सराफा_ओळ
पटलं. पाठ मऊ असेल तर मी थंडच कोरतो.

ऐरण_हिंगणा
@धातुवेडा, मनापासून आभार. पाठ मऊ ठेवली की सुरीही टणकपणाने तुटण्याऐवजी वाकून सावरेल, आणि नावाला जागाही मिळेल. एकाच निर्णयाने दोन्ही कामं साधतात, तेव्हा आराखडा बरोबर चालला आहे असं समजतो.

मग असं ठरवतो. पात्याच्या गालावर काहीही बसवायचं नाही, तिथे थरांची नक्षी बोलेल. नाव पाठीवर, सोन्यात, थंड कामाने. फूल-पानं बोल्स्टरवर, आणि बोल्स्टर साध्या माइल्ड स्टीलचा. तो कडक करायचाच नसतो, म्हणून सुरीवर चढवण्याआधी त्याला खुशाल निळा करा, कोफ्तगरी करा.

विदर्भकन्या
हे वाचून खूप आनंद होतोय. माझं माहेर वरुडचं, घरची बाग. एक विनंती, फूल काढताना खरं फूल बघून काढा. बाजारातल्या चित्रांत संत्र्याचं फूल चमेलीसारखं काढतात. संत्र्याच्या फुलाला पाच पाकळ्या, पांढऱ्या आणि जाडसर, उमलल्यावर मागे वळणाऱ्या. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. आणि पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी अगदी अरुंद पंख असतात. ते पंख दिसले की बागायतदार ओळखतो, हे लिंबूवर्गीय पान आहे.

दुसरं, फूल आणि पिकलेलं फळ एका फांदीवर दाखवू नका. आंबिया बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो. मृग बहर पावसाळ्याच्या तोंडाशी, त्यासाठी उन्हाळ्यात झाडाला पाण्याचा ताण देतात. ज्याने जन्मभर बहर सांभाळला, त्याच्या डोळ्याला ती भेसळ खुपेल. फुलाबरोबर नवती दाखवा, कोवळी, लहान पानं.

ऐरण_हिंगणा
किती महत्त्वाचं सांगितलंत! माझ्या कागदावर डाव्या बाजूला फूल आणि उजव्या बाजूला फळ असं होतं. आता दोन्ही बाजूंना फूल आणि नवतीच. डाव्या बाजूला कळी, उजव्या बाजूला उमललेलं. पाकळ्या चांदीच्या, पुंकेसर सोन्याचे, पानं निळ्या पोलादावर नुसत्या कोरलेल्या रेषांची.

आणि यातून आणखी एक सुचलं. मूठ पक्की करायला आरपार पोलादी पिना जाणारच आहेत. पिनेचं टोक फुलाच्या मधोमध आणतो. वर सोन्याची छोटी टोपी बसवली की तोच पुंकेसरांचा झुबका. फूल शोभेला आणि पीन कामाला असं वेगळं राहणार नाही.

कामठी_रोड
एक मनापासूनचा प्रश्न आहे, राग मानू नका. एवढी सजावट हवीच काहून? आमच्या आजोबांच्या दुकानातली सुरी बघा, लाकडी मूठ, दोन रिव्हेट, झालं. तिने लय काम केलं. नक्षी आली की वस्तू कपाटात जाते. वापरायची वस्तू वापरूच नये अशी करून ठेवणं मला पटत नाही.

ऐरण_हिंगणा
राग कशाचा? हा प्रश्न प्रत्येक कारागिराने स्वतःला विचारायला हवा.

माझं उत्तर असं आहे. नक्षी हातात टोचत असेल, धार लावायला आड येत असेल, किंवा पाणी लागलं की बिघडणार असेल, तर सुरी कपाटात जाणारच. अशा नक्षीला माझा विरोध आहे. पण जुनी चांगली हत्यारं जवळून बघा. आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातल्या, शस्त्रांच्या दालनात उभं राहा आणि सोनं कुठे आहे ते शोधा. पाठीवर, मुठीच्या सांध्यापाशी, म्यानाच्या तोंडाशी. धारेच्या वाटेवर नाही. तळव्याला लागेल अशा ठिकाणी उंचवटा नाही. त्या कारागिरांना हत्यार वापरणारा माणूस दिसत होता.

आज सजावटीच्या सुऱ्या करणारे बरेच जण पात्याला आरशासारखी चमक देतात, आणि धार? नावापुरती. हे मला मान्य नाही. माझी ही कर्द संत्र्याची साल एका वळणात सोलेल, दोरखंड कापेल, आणि नंतर पुसून परत म्यानात जाईल. ते जमलं तरच तिच्यावर चांदी चढवायचा मला अधिकार आहे. अमेरिकेत अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा आहे. तीत लोंबकळता दोरखंड एका घावात कापायचा, लाकडाची जाड फळी तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंशांपर्यंत वाकवायचं. तुटलं तर नापास. हे सगळं झाल्यावर वेगळ्या सुऱ्या सुबकतेसाठी तपासतात. क्रम बघा, आधी पोलाद, मग रूप.

आजोबांच्या सुरीबद्दल मला आदरच आहे. तिच्यात आणि हिच्यात वैर नाही.

कामठी_रोड
पटलं भाऊ. संत्र्याची साल सोलणारी असेल तर माझी हरकत नाही.

वाकाटक
नागपूरकरांनी हे काम करावं यात मला औचित्य वाटतं. पारशिवनी भागातल्या नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, साधारण इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची. माहूरझरी, टाकळघाट-खापा, जुनापाणी इथल्या शिळावर्तुळांच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या मिळाल्या. म्हणजे या मातीत पावणेतीन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी भाता ओढत होतं.

शंकासुर_नव्हे
मला एक विचारायचंय. थर जोडलेल्या पात्याला दमास्कस म्हणतात, आणि आपलं जुनं हिंदुस्थानी पोलादही दमास्कस म्हणून जगभर गेलं. दोन्ही एकच का?

धातुवेडा
नाही, दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. जुनं पोलाद मुशीत बनायचं. लोखंड आणि कार्बन देणारा जिन्नस बंद मुशीत घालून वितळवायचे आणि फार सावकाश थंड करायचं. मग कमी आचेवर घडवताना कार्बाइडचे बारीक कण ओळीने जमतात आणि पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी आपोआप उमटते. इंग्रजांनी त्याला वूट्झ म्हटलं. आपल्यापासून फार लांब नाही, तेलंगणातलं कोनासमुद्रम त्यासाठी नावाजलेलं होतं, इराणी व्यापारी तिथवर पोलाद घ्यायला येत. थर जोडण्यात मात्र दोन घन पोलादं तापवून, ठोकून एकजीव करतात, वितळवत नाहीत. नक्षी कशी यायची ते घडवणारा ठरवतो. आधुनिक काळात ही पद्धत बिल मोरान या अमेरिकी लोहाराने १९७३ मध्ये पुन्हा लोकांसमोर आणली.

१५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असतं. आम्लात बुडवल्यावर साधं पोलाद काळं पडतं, निकेल असलेले थर चमकत राहतात. सगळी नक्षी या एका फरकावर उभी आहे.

वाकाटक
निकेलवरून आठवलं. जहांगीराच्या आठवणींत नोंद आहे : १६२१ मध्ये जालंधरजवळ उल्का पडली. बादशहाने ते लोखंड उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला दिलं. नुसत्या उल्केचं लोखंड घणाखाली टिकेना, म्हणून तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड मिसळून त्याने तलवारी, खंजीर आणि सुरी घडवली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे, सोन्याच्या जडावासह. उल्केच्या लोखंडात निकेल असतंच. तुतनखामनच्या थडग्यातला लोखंडी खंजीरही उल्केचाच, २०१६ च्या तपासणीत त्यात सुमारे ११ टक्के निकेल निघालं.

रानवाटा
मुठीबद्दल बोलू. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूची झाडं अमाप, पानं विडीला जातात हे सगळ्यांना माहीत. पण म्हाताऱ्या तेंदूचा गाभा काळा कुळकुळीत असतो. आबनूसच्याच कुळातलं झाड आहे ते. कायदेशीर डेपोतून किंवा जुन्या घराच्या लाकडातून मिळालं तर याहून शोभेल असं काही नाही.

आणि कृपा करून सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाचा विचार कुणी करू नका. "गळून पडलेलं आहे, मारलेलं नाही" असं सांगून विकणारे भेटतात. गळून पडलेलं शिंगसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. जंगलातून उचलणं आणि विकणं, दोन्ही गुन्हा. शिंगच हवं असेल तर म्हशीचं घ्या, घोटलं की काचेसारखी चमक येते.

ऐरण_हिंगणा
तेंदूच. जुन्या वाड्याच्या लाकडातला तुकडा एका सुतारकाकांकडे आहे, तो बघून आलो. घट्ट, जड, एकसारखा काळा.

लाकडाबद्दल नागपूरकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड या दोन टोकांत आकसतं आणि फुगतं, पोलाद मात्र तसंच राहतं. पावसाळ्यात बसवलेली मूठ उन्हाळ्यात सांध्याशी फट दाखवते. म्हणून तुकडे कापून एक उन्हाळा तरी कोरडे होऊ द्यावेत आणि मगच बसवावेत. वाड्यातलं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं आहे, म्हणून इथे ती काळजी कमी. दुसरं म्हणजे नुसत्या इपॉक्सीवर विसंबू नये. साधा इपॉक्सी ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, आणि उन्हात उभ्या गाडीतला डॅशबोर्ड मे महिन्यात तिथवर सहज पोचतो. पिना हव्यातच.

वकिलीणबाई
कायद्याचं मीही सांगते, कारण हा धागा वाचून कुणी उत्साहाने मोठं पातं करायला घेईल. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या पाचव्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तलवार आणि खंजीर यांची नावं त्या वर्गात स्वतंत्र आहेत. ऐरण यांची कर्द १५ सेंटिमीटर म्हणजे ६ इंचांच्या आतली, २८ मिलिमीटर रुंद, एकधारी. मापात बसते. तरी सणासुदीला किंवा निवडणुकीच्या दिवसांत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, तेव्हा सार्वजनिक जागी चाकू घेऊन फिरायला बंदी असते. सुरी घरातून घरात न्यायची तर म्यानात, बांधून, पेटीत न्या. घडवणाऱ्याने बिलावर वस्तूचा उपयोग आणि माप लिहून द्यावं.

ऐरण_हिंगणा
@वकिलीणबाई, बिलावर लिहूनच देणार. धन्यवाद.

आता कामाची हकीकत. पातं घडून झालंय.

१०८४ चे चार आणि १५एन२० चे तीन पत्रे, आलटून पालटून, सात थर. कडा घासून लखलखीत केल्या, कारण जोडायच्या जागी गंजाचा कणही चालत नाही. एका बाजूला सळई जोडून मूठ केली, भट्टीत लाल झाल्यावर टाकणखार भुरभुरला. तो वितळून थरांवर काचेसारखा पसरतो आणि हवा आत जाऊ देत नाही. मग १२०० अंशांच्या आसपास, रंग फिका पिवळा झाला की पहिले घाव हलके. इथे ताकद लावायची नसते. थर एकमेकांना चिकटले की मग घण. लांबवून, चार तुकडे करून पुन्हा एकावर एक रचलं, २८ थर. पुन्हा चार, ११२. याहून जास्त थर केले असते, पण या रुंदीच्या पात्यावर रेषा इतक्या बारीक होतात की हातभरावरून नुसता राखाडी रंग दिसतो. काकांचं वय बघता नक्षी डोळ्याला सहज दिसायला हवी.

त्यानंतर दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरावर आडव्या खाचा घेतल्या आणि पट्टी पुन्हा सपाट ठोकली. खाचेतले खालचे थर वर येतात आणि शिडीच्या पायऱ्या उमटतात. इराणी पात्यांवर हीच कल्पना "चाळीस पायऱ्या" म्हणून प्रसिद्ध आहे. पायऱ्यांमधलं अंतर मी मुठीकडे जास्त आणि टोकाकडे कमी ठेवलं. पातं निमुळतं होत जातं, तसा नक्षीचा वेगही वाढत जावा म्हणून.

विझवण्याआधी तीनदा तापवून हवेत थंड केलं, दर वेळी थोडं कमी तापमान, म्हणजे घणाने आलेला ताण निघतो आणि दाणा बारीक होतो. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की ७७० अंश झाले असं समजायचं, तिथून थोडं वर, ८१५ पर्यंत. तेल आधी ५५ अंशांवर गरम करून ठेवलं होतं. धारेकडची बाजू आत, पाठ बाहेर. पातं सरळ आलं. कानस धारेवर घसरते, पाठीवर चावते. हवं होतं तेच.

सराफा_ओळ
पाठ मऊ आहे म्हणता, मी छिन्नी पाजळून ठेवतो.

धातुवेडा
आम्लात कधी बुडवणार? चांदी बसवण्याआधी की नंतर?

ऐरण_हिंगणा
आधीच. फेरिक क्लोराइड चांदीला काळवंडतं. क्रम असा ठेवला : पातं ८०० च्या पेपरपर्यंत हाताने घासून, डिशवॉशने धुऊन, बोट न लावता फेरिक क्लोराइडच्या पाण्यात. एक भाग द्रावण, चार भाग पाणी. सर्किट बोर्डासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं तेच. थोड्या थोड्या वेळाने काढून, पुसून पुन्हा. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यात, नाहीतर आम्ल काम करतच राहतं. बोटाला थरांचे उंचसखल हलके जाणवतात इतकंच खोल केलं. जास्त खोल केलं असतं तर फळाचा रस त्या खाचांत अडकला असता.

मग पाठ घासून पुन्हा उजळ केली, आणि पातं सराफा_ओळ यांच्या हाती दिलं. हे सगळं करताना मास्क लावा, चष्मा लावा. पोलादाची धूळ, लाकडाची धूळ, दोन्ही फुप्फुसात कायमची बसतात.

सराफा_ओळ
काम झालं. नाव पाठीवर बसवलं, चोवीस कॅरेटच्या तारेत. देवनागरीला शिरोरेषा असते, त्याचा इथे फायदा झाला. आधी एकच लांब खाच घेतली, शिरोरेषा तिच्यात बसवली आणि अक्षरं तिच्यापासून खाली सोडली. पाच मिलिमीटर रुंदीत वेलांटी आणि मात्रा मावाव्यात म्हणून अक्षरं दोन मिलिमीटरची ठेवली.

बोल्स्टरवर पाकळ्यांना कोफ्तगरी न करता तिथेही खोल जडावच केला. अंगठा तिथेच टेकतो, झिजलं असतं. पाकळीचं मागे वळणं तारेची जाडी बदलून दाखवलं, कडेला जाड, मध्ये बारीक. देठाचे पंख वरुडच्या ताईंनी सांगितले तसे आहेत, भिंग न लावता दिसतात. जडाव झाल्यावर बोल्स्टर वाळूवर ठेवून सावकाश तापवला आणि निळा झाला तसा उचलला. इतक्या कमी आचेत चांदी सैल होत नाही.

विदर्भकन्या
फोटो पाहिला. कळीची पाकळी अजून मिटलेली आहे आणि शेजारचं पान कोवळं आहे, डोळ्यांत पाणी आलं. हे आमच्या बागेतलं फूल आहे.

महालकर
अप्रतिम! नाव पाठीवर बघून मन भरलं. म्यान कसं करताय?

ऐरण_हिंगणा
सागाचं दोन फाळांचं म्यान, आतून फक्त पाठीच्या बाजूने पात्याला धरेल असं कोरलेलं. धार कुठेही लाकडाला लागत नाही. बाहेरून हिरवी मखमल, तोंडाला आणि टोकाला चांदीची साधी खोळ. तिच्यावर मुद्दाम काही कोरलं नाही. म्यान बंद असताना बोल्स्टर अर्धा आत जातो आणि कळी तेवढी तोंडाशी बाहेर दिसते.

सगळं जुळवून संत्रं सोलून पाहिलं, साल एका वळणात निघाली. मग जाड सुतळीचा पीळ कापला, आणि कागदावर धार पुन्हा तपासली. नक्षीला काही झालं नाही.

कामठी_रोड
सुतळी कापली हे वाचून बरं वाटलं. पावसाळ्यात काय करायचं ते काकांना लिहून द्या मात्र. हे स्टेनलेस नाही.

ऐरण_हिंगणा
लिहून दिलंय. संत्रं कापलं की लगेच धुवायचं, आंबट रस पात्यावर ठेवायचा नाही. कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत म्यानात न ठेवता तेल लावून सुती कापडात ठेवायची, कारण लाकूड आणि मखमल ओल धरून ठेवतात. फळ कापण्याच्या जागेपुरतं खोबरेल चालेल, पण ते फार दिवस राहिलं तर चिकटतं. चांदी काळी पडली तर पॉलिशच्या द्रावणात बुडवायची नाही, मऊ कापडाने फक्त फूल घासायचं, निळी जमीन सोडून. आणि धार गेली की माझ्याकडे पाठवायची. धार लावायचे पैसे नाहीत, जोवर माझे हात चालतात तोवर.